खापर फोडून रस्ता साफ होत नाही

जोडून आलेली सुट्टी संपली की समुद्रकिनाऱ्यांचे, धबधब्यांचे, डोंगरवाटांचे फोटो फिरू लागतात. वाळूत अर्धवट रुतलेल्या बाटल्या, दगडांच्या फटीत कोंबलेली वेष्टनं, झुडपांना लटकलेल्या पिशव्या. त्यावर होणारा वादही ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, लोकांनाच शिस्त नाही, कितीही सोयी द्या, ही माणसं सुधारणार नाहीत. दुसरी बाजू विचारते, डबे कुठे आहेत, कर कशाला भरतो, प्रशासन काय करतंय? दोन दिवस खापर या डोक्यावरून त्या डोक्यावर फुटत राहतं आणि पुढच्या सुट्टीला ये रे माझ्या मागल्या. मला हा वाद नुसता निष्फळ वाटत नाही, तो घातक वाटतो. कारण दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच गृहीतकावर उभा आहे: कुणीतरी एक दोषी आहे, आणि तो सुधारला की कचरा जाईल. माझं म्हणणं असं आहे की रस्त्यावर पडलेला कचरा हा आधी व्यवस्थेचा प्रश्न आहे आणि मग सवयीचा. ही व्यवस्था घडवण्याची सगळ्यांत मोठी ताकद त्या जागेत रोज वावरणाऱ्या समूहाकडे असते, सुट्ट्या सुट्ट्या माणसांच्या सद्सद्विवेकाकडे नाही. जिथे जिथे कचरा खरोखर कमी झाला, तिथला क्रम पाहा. आधी वस्तू, वाटा आणि वेळा बदलल्या; माणसं त्यांच्या मागोमाग बदलली.

वादाचा आणखी एक दोष असा, की कचरा म्हणजे नजरेला खुपणारी गोष्ट, एवढंच त्यात धरलेलं असतं. शहर विद्रूप दिसतं, पाहुणे काय म्हणतील, हाच सूर. पण कचऱ्याचं नुकसान दिसण्यापुरतं नसतं. कुंपणाच्या कडेला पडलेला एक प्लास्टिकचा पेला घ्या. त्यात पावसाचं दोन बोटं पाणी साचलंय. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीला तेवढं पाणी पुरतं. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पेल्याच्या ओलसर आतल्या बाजूला ती अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात, आणि पुन्हा पाऊस होऊन पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की आठ-दहा दिवसांत डास उडायला लागतो. पेला फेकणारा तोवर केव्हाच निघून गेलेला असतो. ताप येतो तो कुंपणाच्या आत राहणाऱ्यांना. सिगारेटचं थोटूक तर बोटभरही नसतं, म्हणून ते टाकताना आपण काही टाकलं असंही कुणाला वाटत नाही. त्यातला फिल्टर कापसासारखा दिसतो, पण तो असतो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्यांचा. ओढून झाल्यावर त्यात निकोटिन आणि जड धातू अडकून राहिलेले असतात. सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक लिटर पाण्यामागे साधारण एका थोटकाचा अर्क उतरला, तेव्हा त्या पाण्यातले निम्मे मासे चार दिवसांत मेले. गटारात गेलेल्या पिशवीची गोष्ट तर बांगलादेशाने फार मोठी किंमत मोजून जगाला दाखवली. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांनी निचऱ्याच्या वाटा तुंबल्या आणि पाणी हटेना. २००२ मध्ये त्या देशाने अशा पिशव्यांवर देशभर बंदी घातली. अशी बंदी आणणारा तो जगातला पहिला देश.

ही उदाहरणं देण्याचं कारण असं की त्यांत फेकणारा आणि भोगणारा वेगळा आहे. पूर येतो तो सखल भागातल्यांच्या घरात. काच लागते ती सफाई कामगाराच्या तळहाताला. पिशवी पोटात जाते ती गुरांच्या. आणि जे यातून निसटतं ते नदीवाटे समुद्रात जातं. २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असावं, असा अंदाज २०१५ मध्ये संशोधकांनी मांडला होता. ज्याचं नुकसान करणाऱ्याला स्वतःला लागतच नाही, ती गोष्ट केवळ समजुतीने कशी थांबेल?

आता शिस्तवाल्यांच्या म्हणण्यातला सगळ्यांत भक्कम भाग आधी मान्य करतो. दहा पावलांवर डबा असताना हातातलं वेष्टन तिथेच सोडून देणारी माणसं आहेत. गाडीची काच खाली करून बाटली भिरकावणारे आहेत. ज्यांच्या घरात फरशीवर केस पडलेला चालत नाही, तेच लोक जिन्यात पिशवी ठेवून जातात. आणि त्याच रस्त्याने, तेवढ्याच गैरसोयीत जाणारा दुसरा एखादा माणूस कागद खिशात घालून घरी नेतो. मग परिस्थितीचा दोष कसा? हा प्रश्न खोटा नाही आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

पण त्याचं उत्तर प्रयोगांतून मिळालेलं आहे आणि ते वादात कुणी आणत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाहनतळात परतणाऱ्या लोकांच्या गाडीच्या काचेवर एक पत्रक अडकवून ठेवायचं आणि ते त्याचं काय करतात हे पाहायचं. वाहनतळ स्वच्छ ठेवला होता तेव्हा १४ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं. मुद्दाम कचरा पसरवून ठेवला होता तेव्हा ३२ टक्क्यांनी. माणसं त्याच शहरातली, पत्रक तेच, जवळपास डबा कुठेच नाही. पुढे २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात असाच प्रयोग झाला. सायकली लावायच्या बोळातली भिंत स्वच्छ रंगवलेली असताना हँडलला अडकवलेलं पत्रक ३३ टक्के लोकांनी जमिनीवर टाकलं. त्याच भिंतीवर खरडलेलं असताना ६९ टक्क्यांनी. भिंतीवरच्या खरडण्याचा आणि कागद टाकण्याचा तसा काही संबंध नाही. पण इथे कुणाचं लक्ष नाही, इथे चालतं, एवढा निरोप भिंत देते आणि दुपटीहून जास्त हात सैल होतात. बेशिस्त हा माणसाच्या रक्तातला गुण असता, तर भिंतीचा रंग बदलल्याने तो इतका वरखाली का झाला असता?

दोन्ही प्रयोगांत कागद घरी नेणारे होतेच, हे विसरून चालणार नाही. शिस्तवाले त्यांच्याकडे बोट दाखवतात ते योग्यच आहे. प्रत्येक समाजात काही माणसं कुठल्याही परिस्थितीत टाकणार नाहीत आणि काही कुठल्याही परिस्थितीत टाकतील. प्रश्न मधल्या मोठ्या गर्दीचा आहे. ही गर्दी आजूबाजूला पाहून वागते. तिला नीतिमान करण्याच्या मागे लागलो तर पिढ्या जातील. तिच्यासमोरचं दृश्य बदललं तर ती काही महिन्यांत वेगळी वागायला लागते.

त्यामुळेच ‘सगळेच कचरा करतात, लाज वाटू द्या’ या धाटणीच्या प्रचाराची मला धास्ती वाटते. तो उलटतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाचे तुकडे पर्यटक उचलून नेत. तिथे दोन तऱ्हेचे फलक लावून पाहिले गेले. एकावर, आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदलतंय, असा मजकूर होता. दुसऱ्यावर, लाकूड नेऊ नका, एवढी साधी विनंती. अनेकांनी नेलं असं सांगणाऱ्या फलकाजवळून कितीतरी जास्त तुकडे उचलले गेले. हळहळ व्यक्त करायला गेलो आणि नेणारे खूप आहेत ही बातमीच पोचवून बसलो. सुट्टीनंतरचे फोटो टाकून ‘आपले लोक असेच’ म्हणणारे नेमकं हेच करत असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, तळमळ खरी असते, आणि तरी नुकसान होतं.

म्हणजे जनजागृती फुकट का? नाही. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातली ‘डोन्ट मेस विथ टेक्सस’ (टेक्ससशी पंगा घेऊ नका) ही मोहीम १९८६ मध्ये सुरू झाली आणि चार-पाच वर्षांत तिथल्या महामार्गांवरचा कचरा सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाल्याचं राज्याच्या नोंदी सांगतात. पण तिचं वेगळेपण काय होतं? मोहीम आखणाऱ्यांनी आधी शोधून काढलं की कचरा टाकतं कोण. उत्तर आलं, प्रामुख्याने तरुण पुरुष. त्यांना पर्यावरणाचं व्याख्यान पचणार नाही हे ओळखून त्यांच्या राज्याभिमानाला हात घातला आणि त्यांना आवडणाऱ्या गायकांच्या, खेळाडूंच्या तोंडून तो निरोप पोचवला. नेमक्या माणसांना, त्यांच्याच माणसांकडून, त्यांना भिडेल असं काही सांगितलं तर प्रचार चालतो. ‘स्वच्छता राखा’ असं सगळ्यांना उद्देशून लिहिलेली पाटी कुणालाच उद्देशून नसते. कचरा टाकू नये हे आज कुणाला माहीत नाही? कळतं पण वळत नाही, ही अडचण असेल तर पुन्हा कळवून काय साधणार?

इतिहासाकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीचं न्यूयॉर्क आठवा. घोड्यांची लीद, राख, भाजीचे देठ, मेलेली जनावरं, रस्त्यावरच उभ्या ठेवलेल्या रिकाम्या गाड्या. गल्लीबोळांत घोट्यापर्यंत चिखल. त्या काळातल्या सुखवस्तू लोकांचं मत ठाम होतं की परदेशांतून आलेले हे गरीब लोकच घाणेरडे, यांच्या वस्त्या कधी स्वच्छ राहणार नाहीत. १८९५ मध्ये जॉर्ज वेअरिंग हा लष्करातून आलेला अभियंता शहराच्या सफाई खात्याचा प्रमुख झाला. तोवर ते खातं राजकीय बगलबच्च्यांना पगार वाटण्याची सोय होऊन बसलं होतं. वेअरिंगने नेमणुका सुधारल्या, प्रत्येक झाडूवाल्याला ठरावीक रस्ता दिला, रस्त्यांवर बेवारस उभ्या असलेल्या गाड्या हटवल्या, घरोघरी राख, ओला कचरा आणि इतर कचरा वेगळा ठेवायला लावला. सफाई कामगारांना त्याने पांढरा शुभ्र गणवेश दिला. पांढरा कपडा मळेल म्हणून लोकांनी नावं ठेवली, पण त्यामुळे झाडणारा माणूस लांबून दिसू लागला, आणि १८९६ मध्ये हेच कामगार शहराच्या मुख्य रस्त्यावरून संचलन करत गेले तेव्हा बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्त्यांमधल्या मुलांची मंडळं काढून त्यांच्याकडे आपापल्या गल्लीची देखरेख दिली. त्याच रस्त्यांचे १८९३ आणि १८९५ चे फोटो शेजारी ठेवले तर विश्वास बसत नाही. या दोन वर्षांत राहणारी माणसं बदलली नव्हती. ज्या स्थलांतरितांना जन्मजात घाणेरडं म्हटलं गेलं, त्यांच्याच गल्ल्या स्वच्छ राहू लागल्या, कारण उचलणारा रोज येऊ लागला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. प्रशासन आणि कंपन्या यांनाच जबाबदार धरणाऱ्यांकडेही भक्कम पुरावा आहे, आणि तो शिस्तवाल्यांनी वाचायला हवा. अमेरिकेत १९५० च्या सुमारास परत घेतल्या जाणाऱ्या काचेच्या बाटल्यांची जागा एकदा वापरून फेकायच्या बाटल्या आणि डबे घेऊ लागले. व्हरमाँट राज्यात शेताच्या कडेला फेकलेल्या बाटल्या गवतात जाऊन गुरांना इजा होऊ लागली, म्हणून १९५३ मध्ये तिथे फेकायच्या बाटल्यांतून बिअर विकायला मनाई झाली. त्याच वर्षी ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था उभी राहिली. तिच्या स्थापनेत डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्या पुढे होत्या. व्हरमाँटचा कायदा चार वर्षांनी मुदत संपून गेला, संस्था राहिली. १९७१ मध्ये तिने गाजवलेल्या जाहिरातीचा सारांश असा की प्रदूषण माणसं करतात आणि तेच ते थांबवू शकतात. ऐकायला हे निर्विवाद वाटतं. पण ‘माणसं’ या शब्दात बाटली बनवणारा कधी मोजला गेला नाही, फक्त ती टाकणारा मोजला गेला. त्याच १९७१ मध्ये ओरेगन राज्याने बाटल्यांवर ठेव घेण्याचा, म्हणजे बाटली आणून दिली की परत मिळणारे जादा पैसे घेण्याचा, कायदा केला आणि तिथल्या रस्त्याकडेच्या बाटल्या झपाट्याने घटल्या. एकीकडे डोळ्यांत पाणी आणणारी जाहिरात, दुसरीकडे परत मिळणारी काही नाणी. रस्ता कुणी साफ केला?

पेयाचा डबा उघडायच्या खिट्टीचं उदाहरण मला या सगळ्या वादात सर्वांत बोलकं वाटतं. १९६० च्या दशकात पेयाच्या डब्याला ओढून काढायची कडी आली. कडीत बोट घालायचं, पत्र्याची जिभेसारखी पट्टी सोलून काढायची, आणि ती हातात उरायची. धारदार, वाकडी, पेयाने चिकट झालेली, कुठे ठेवावी हे न सुचणारी वस्तू. खिशात घातली तर कपडा फाटतो; डब्यात परत टाकावी तर पिताना घशात जायची भीती. अर्थातच ती खाली पडायची. किनाऱ्यांवर या पट्ट्या इतक्या साचल्या की अनवाणी चालणाऱ्यांचे पाय चिरले, जनावरांनी त्या गिळल्या. त्यावर भाषणंही झाली असतील, पाट्याही लागल्या असतील. पण प्रश्न सुटला तो १९७५ च्या सुमारास आलेल्या नव्या खिट्टीने, जी ढकलली की तोंड उघडतं आणि खिट्टी डब्यालाच चिकटून राहते. काही वर्षांत कचऱ्याचा एक अख्खा प्रकार जवळपास नाहीसा झाला. एकाही माणसाचं चारित्र्य त्यासाठी सुधारावं लागलं नाही. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीलाच जोडलेली असणं बंधनकारक केलं, त्यामागे हाच विचार आहे.

ठेवीची पद्धतही तशीच. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बहुतेक पेयांच्या बाटल्या-डब्यांवर २५ सेंट ठेव घेतली जाते. ९५ टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात. जो बाटली परत करायला आळसतो, तो ती कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी करून ठेवतो आणि ती गोळा करून चार पैसे मिळवणारा दुसरा कुणी उचलतो. आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीवर १५ सेंट शुल्क लावलं तेव्हा पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. आयरिश लोक एका रात्रीत शिस्तीचे झाले, असं कुणी म्हणणार आहे का?

तरीही ‘कंपन्यांनी आणि सरकारने करावं’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांशीही मी सहमत नाही. ठेव, शुल्क, बंदी ही वरून येणारी साधनं आहेत आणि ती यायला वर्षं लागतात. शिवाय रस्त्यावरचा सगळाच कचरा बाटल्या-पिशव्यांचा नसतो. आणि वरून आलेला नियम वस्तीने उचलून धरला नाही तर कागदावरच राहतो. न्यूयॉर्कमध्ये १९७८ मध्ये कुत्र्याची विष्ठा मालकाने उचलण्याचा कायदा आला, तेव्हा तो अमलात येणं अशक्य आहे असं पुष्कळांना वाटत होतं. प्रत्येक कुत्र्यामागे पोलीस कुठून आणणार? दंड तसे मोजक्यांनाच झाले. पण कायद्यामुळे शेजाऱ्याला बोलायचा हक्क मिळाला. ‘अहो, ते उचला’ म्हणणारा आता भांडखोर ठरत नव्हता, तो नियम सांगत होता. काम केलं ते रस्त्यावरच्या नजरांनी. कायदा आणि समूह एकमेकांना असे पूरक होतात, हे दोन्ही बाजूंच्या लक्षात येत नाही.

इथे सिंगापूर आणि जपानचा दाखला हमखास येतो, तेव्हा त्यांचंही पाहू. सिंगापूर म्हटलं की जबर दंड आठवतो. १९६८ पासूनच्या मोहिमांत दंड होता आणि त्याचा धाक आजही आहे, हे खरं. पण १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं खपून तिथली नदी साफ केली गेली. त्यासाठी काठावरचे कारखाने आणि पशुपालन हलवलं, मैलावाहिन्या टाकल्या, रस्त्यावरच्या विक्रेत्यांना पाणी आणि निचरा असलेल्या बांधीव जागा दिल्या. दंडाची आठवण सगळे काढतात, मैलावाहिनीची कुणी काढत नाही. आणि एवढं करूनही साठ लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या त्या शहरात ५० हजारांहून जास्त सफाई कामगार राबतात. आपलं शहर स्वच्छ राहणारं नसून स्वच्छ केलं जाणारं आहे, अशी खंत तिथलेच नेते बोलून दाखवत आले आहेत. म्हणजे नुसता दंड सवय लावत नाही, याची साक्ष खुद्द दंडाचं माहेरघर देतं.

जपानचा मुद्दा जास्त अवघड आहे. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन या विषारी वायूचा हल्ला झाल्यानंतर स्थानकांवरचे आणि रस्त्यांवरचे कचऱ्याचे पुष्कळ डबे सुरक्षेसाठी काढून टाकले गेले. तरी रस्ते स्वच्छ राहिले. लोक कचरा घरी नेऊ लागले. मग व्यवस्थेचा काय संबंध, असं विचारता येईल. पण टोकियोकर कायमच असे होते का? १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वी शहर साफ करायची मोठी मोहीम हाती घ्यावी लागली होती. १९७१ मध्ये तर टोकियोचे राज्यपाल मिनोबे यांनी ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ जाहीर केलं, इतका प्रश्न चिघळला होता. त्यानंतर घराघरांतून वर्गवारी, ठरलेल्या वारी ठरलेला कचरा, शेजाऱ्यांनी मिळून सांभाळायची कचरा ठेवण्याची जागा, शाळेत मुलांनी रोज वर्ग झाडणं, हे सगळं दशकानुदशकं चाललं. डबे काढले तेव्हा घरी नेलेल्या कचऱ्याला तिथे हमखास वाट होती. जिथे घरचाच कचरा उचलायला कुणी येत नाही, तिथल्या माणसाला ‘जपानी लोकांसारखा घरी घेऊन जा’ म्हणणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या देशांत शहरांतला निम्म्याहून कमी, ४८ टक्के, कचरा उचलला जातो, आणि शहरांबाहेर फक्त २६ टक्के. उरलेला कुठे जायचा? तो जाळला जाईल किंवा उकिरड्यावर, नाल्यात पडेल. तिथे शिस्तीचं प्रवचन देण्याआधी गाडी पाठवा.

गाडी कशी पाठवावी, याचं तैवानइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. एकेकाळी त्या बेटाला कचऱ्याचं बेट म्हणून हिणवलं जायचं. कोपऱ्याकोपऱ्यांवर कुंड्या होत्या, त्या वाहायच्या, पिशव्या कुत्री फाडायची. १९९० च्या दशकात तैपेईने ठरवलं की कचरा जमिनीला टेकताच कामा नये. कोपऱ्यावरचे ढीग बंद. त्याऐवजी ठरलेल्या वेळी सूर वाजवत घंटागाडी येते आणि लोक हातात पिशवी घेऊन खाली उतरतात. कामावरून परतल्यावरही गाठता यावी म्हणून ती संध्याकाळीही येते. मागून पुनर्वापराच्या वस्तूंची वेगळी गाडी. २००० पासून तैपेईत मिश्र कचरा शहराने ठरवलेल्या विकतच्या पिशवीतच द्यावा लागतो, म्हणजे जितकं कमी मिसळाल तितका खर्च कमी. आणि रोज गाडीपाशी शेजारी भेटतात, कोण काय आणतंय हे सगळ्यांना दिसतं. अंधारात कोपऱ्यावर पिशवी ठेवून सटकायची सोयच राहिली नाही.

मग एखाद्या वस्तीने, गावाने, सोसायटीने करायचं काय? रविवारची सफाई मोहीम हे बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं. तिच्याविरुद्ध मी नाही. साफ जागा साफ राहण्याची शक्यता जास्त, हे वरचे प्रयोगच सांगतात. पण मोजदाद न करता उचललेला कचरा पुढच्या आठवड्यात परत तिथेच असतो. एस्टोनियात ३ मे २००८ रोजी सुमारे ५० हजार माणसांनी एका दिवसात १० हजार टन बेकायदा टाकलेला कचरा उचलला. त्याआधी कित्येक महिने स्वयंसेवकांनी जंगलांतले, रस्त्यांकडेचे दहा हजारांवर ढीग नकाशावर टिपले होते. १९८६ मध्ये टेक्ससच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या किनारा-सफाईतही प्रत्येकाच्या हातात पिशवीबरोबर नोंदीचा तक्ता दिला गेला. बाटल्या किती, दोर किती, झाकणं किती. त्या नोंदीमुळेच जहाजांवरून येणारा कचरा वेगळा ओळखता आला. आपल्या रस्त्यावर पडलेल्या शंभर वस्तू मोजून पाहा. त्यांतल्या पुष्कळशा दोन-तीनच प्रकारच्या निघतील आणि त्यांचा उगमही दोन-तीनच ठिकाणी सापडेल: एखादं दुकान, एखादा थांबा, कचऱ्याची गाडी चुकण्याची एखादी वेळ. मग त्या दुकानदाराशी बोलता येतं, थांब्यावर थोटकं विझवायचा डबा बसवता येतो, गाडीची वेळ बदलून मागता येते. ‘सगळीकडे घाण आहे’ या तक्रारीवर कुठलंही कार्यालय काही करू शकत नाही. ‘या वळणावर रोज संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान पेले पडतात’ या तक्रारीवर करू शकतं.

शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. व्यवस्था, व्यवस्था म्हणत राहिलात तर टाकणाऱ्याला आयती सबब मिळेल. सगळी सोय करूनही जो टाकतो, त्याचं काय? त्याला जबाबदार धरायलाच हवं, आणि सोय केलेली असेल तेव्हाच तसं धरणं न्याय्य होतं. सामायिक साधनं लोक कशी टिकवतात याचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या आणि त्यासाठी २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधल्या तोर्बेल गावाच्या कुरणांचा दाखला दिला आहे. तिथला १५१७ चा नियम असा की हिवाळ्यात जितक्या गाई स्वतः पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात गावकुरणावर सोडायच्या. असे नियम शतकानुशतकं टिकले कारण ते वापरणाऱ्यांनीच केले होते, देखरेख त्यांचीच होती, आणि शिक्षा पहिल्या चुकीला हलकी, पुढच्या चुकीला जड होती. रस्त्यालाही हेच लागू पडतं. पहिल्यांदा ओळखीच्या माणसाने शांतपणे सांगावं, चारचौघांत अपमान न करता. दुसऱ्यांदा त्याच्याकडून तेवढी जागा साफ करून घ्यावी. तरीही तोच माणूस तेच करत राहिला तर दंड, आणि तो श्रीमंताच्या गाडीलाही तितक्याच तत्परतेने. दंडाचा पैसा त्याच रस्त्यावरच्या डब्यांसाठी, सफाई कामगारांच्या हातमोज्यांसाठी आणि बुटांसाठी खर्च व्हावा, आणि किती जमला, कशावर गेला, हे दर महिन्याला त्या पाटीवर लिहिलं जावं, जिथे आज ‘येथे कचरा टाकू नये’ एवढंच लिहिलेलं असतं.